वायरल व्हायच्या आधी बिल कोणाच्या नावावर फाटतंय ते बघा

इंदूरमध्ये नवा कॅफे, कोचिंग क्लास किंवा कपड्यांचं शोरूम उघडायचं ठरलं की मालकाच्या टेबलाभोवती एक वाक्य हमखास ऐकू येतं, "भिया, कुछ वायरल करते हैं." घरात मराठी बोलणारी, इथल्या सानंद या मराठी सांस्कृतिक संस्थेचं नाटक न चुकवणारी मंडळीसुद्धा हे वाक्य हिंदीतच म्हणतात, धंद्याची भाषा तीच. मग कल्पना निघायला लागतात. राजवाड्यासमोर अचानक नाच करू. दुकान बंद पडल्याची खोटी बातमी सोडू. पहिल्या दिवशी एक रुपयात पोहे देऊ. कोणीतरी भाचा मोबाइलवर मुंबई-बंगळुरूचा लाखो लोकांनी पाहिलेला व्हिडिओ दाखवतो, सगळे माना डोलावतात आणि बैठक संपते.

हा लेख त्या बैठकीनंतरच्या आठवड्यासाठी आहे. मी याच शहरात छोट्या दुकानांच्या जाहिरातींचं काम करतो, त्यामुळे मोठ्या कंपन्यांची उदाहरणं देणार असलो तरी हिशेब तुमच्या-माझ्या आवाक्यातला आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: जाहिरात सहन करायची सवय लोकांना आहे, तिच्यावर कोणी फारसं चिडत नाही. गंमत दुकानदाराची आणि बिल भलत्याच माणसाच्या नावावर फाटलं की डोकं फिरतं. कोणाचा वेळ जातो, कोणी घाबरतं, कोणाचे पैसे जातात, कोणाची जखम उघडी पडते. त्याला कोणी विचारलेलं नसतं, आणि त्यातून त्याला मिळणार काहीच नसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे बिल शोधण्याच्या आहेत.

पायरी १: कल्पना येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून लिहा

मालक लिहितो: "उद्घाटनाच्या दिवशी छप्पन दुकानाजवळ शंभर मुलं एकदम नाचायला लागतील." आता हेच रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडून लिहा: "आईला डायलिसिसला नेत होतो. न्यू पलासियात वीस मिनिटं अडकलो, कारण कोणीतरी नाचत होतं." दोन्ही वाक्यं एकाच घटनेची आहेत. दुसरं वाक्य लिहिताना पेन अडखळलं, तर कल्पनेत खोट आहे.

हे मनातल्या मनात करू नका, वहीत करा. डाव्या बाजूला माणसं लिहा: रिक्षावाला, शेजारचा दुकानदार, सफाई कामगार, चौकातला वाहतूक पोलीस, वरच्या मजल्यावर राहणारं कुटुंब, तुमच्याच काउंटरवरचा मुलगा. वरच्या बाजूला चार रकाने: वेळ, भीती, पैसा, भावना. ज्या खान्यात काही भरावं लागेल तिथे दोनच प्रश्न विचारायचे. या माणसाला आपण आधी विचारलंय का? आणि त्याची भरपाई आपण करतोय का? दोन्हीचं उत्तर नाही असेल, तर त्या खान्यावर लाल खूण.

अमेरिकेतल्या बोस्टनमधला प्रकार इथे आठवावा असा आहे. २००७ च्या जानेवारीत कार्टून नेटवर्कच्या एका मालिकेच्या प्रचारासाठी पुलांखाली आणि रस्त्यांवर दिव्यांच्या छोट्या पाट्या लावल्या होत्या. त्यातून मालिकेतलं एक पात्र बोट दाखवत होतं. वायरी, बॅटरी, काळी पाटी. ३१ जानेवारीला कोणाला तरी तो बॉम्ब वाटला आणि बॉम्बशोधक पथकं आली, रस्ते आणि पूल बंद झाले, शहर तासन्‌तास ठप्प झालं. वाहिनीच्या मालक कंपनीला, टर्नर ब्रॉडकास्टिंगला, २० लाख डॉलर भरावे लागले, आणि वाहिनीच्या प्रमुखाने राजीनामा दिला. यातली खरी गोष्ट पुढे आहे. अशाच पाट्या आणखी नऊ शहरांत लावलेल्या होत्या आणि तिथे कोणाची झोपही मोडली नव्हती. म्हणून "मुंबईत चाललं होतं" हा पुरावा धरू नका. भाच्याने दाखवलेल्या व्हिडिओमागे ज्या शहरात तो चालला त्या शहराचा स्वभाव असतो, तो बरोबर येत नाही.

पायरी २: खोटी बातमी यादीतून आधीच काढा

या पायरीत चर्चेला जागा ठेवू नका. मृत्यू, आजार, अपहरण, अपघात, नोकरी जाणं, दुकानाला आग लागणं, यातलं काहीही खोटं सांगून दुसऱ्या दिवशी "गंमत केली" म्हणायचं नाही.

२ फेब्रुवारी २०२४ ला अभिनेत्री पूनम पांडे हिच्या इन्स्टाग्राम खात्यावर ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्याची बातमी आली. लोकांनी श्रद्धांजली वाहिली. दुसऱ्या दिवशी तिनेच व्हिडिओत येऊन आपण जिवंत असल्याचं आणि हे सगळं या आजाराच्या जनजागृतीसाठी केल्याचं सांगितलं. मोहिमेत सहभागी असलेल्या श्बांग या जाहिरातसंस्थेला माफी मागावी लागली. त्या दिवशी आजाराबद्दल शोधाशोध खूप झाली, हा संस्थेचा युक्तिवाद होता. झालीही असेल. पण ज्या घरात त्याच आजाराने माणूस गेलंय, त्या घराने ती बातमी कशी वाचली असेल, याचा रकाना त्यांच्या वहीत नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नोएडाच्या येसमॅडम या घरपोच सलूनसेवेच्या कंपनीचा एक ई-मेल फिरला: कामाचा ताण असल्याचं सर्वेक्षणात सांगणाऱ्या कर्मचाऱ्यांना काढून टाकलंय. देशभर संताप. मग खुलासा आला की कोणालाच काढलेलं नाही, कामाच्या ताणाकडे लक्ष वेधायचं होतं. हा प्रयोग इंदूरमध्ये करायचं कोणाच्या डोक्यात असेल तर इथली हुकुमचंद मिल ही कापडगिरणी आठवा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. परदेशीपुरा, मालवा मिल अशा गिरणी कामगारांच्या भागांत "सगळ्यांना काढलं" ही बातमी गंमत म्हणून कोणी वाचणार नाही.

एक निरीक्षण सांगून ठेवतो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आपल्याच रसोमा चौकात लाल दिवा असताना झेब्रा क्रॉसिंगवर नाचाचा व्हिडिओ केलेल्या इन्फ्लुएन्सरवर पोलिसांनी कारवाई केली. तेव्हाही वाहतुकीच्या नियमांची जनजागृती हेच कारण पुढे आलं होतं. कर्करोगाची जनजागृती, ताणाची जनजागृती, सिग्नलची जनजागृती. स्टंट अंगाशी आला की हा शब्द कुठून तरी धावत येतो. खरंच जनजागृती करायची असेल तर ती पहिल्या ओळीत लिहा, खुलाशात लिहू नका.

कायद्याचं पण बघून ठेवा. लोकांत घबराट पसरेल अशी खोटी माहिती देण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ आहे. ते प्रत्येक खोडीला लागतं असं नाही, पण "मी तर मजाक केला" हा बचाव घेऊन ठाण्यात बसायची वेळ कशाला आणायची?

पायरी ३: ऑफरचं गणित कागदावर करा

आपल्या शहरातल्या छोट्या दुकानांचं सगळ्यात जास्त हसं इथे होतं, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, अन्नपूर्णा रोडवर तुमचं नाश्त्याचं दुकान उघडतंय. जाहिरात अशी: "रविवारी सकाळी ८ ते १०, एक रुपयात पोहे-जलेबी." मालकाच्या डोक्यात खर्चाचा हिशेब असतो, एका प्लेटमागे इतके रुपये गेले तरी चालेल. माणसांचा हिशेब मात्र नसतो. तो असा करा. वाफेवरच्या पातेल्यातून पोहे काढायचे, वर शेव, कांदा, जीरावन मसाला, लिंबाची फोड, बाजूला जलेबी. एक रुपया घ्यायचा, प्लेट हातात द्यायची. हात सराईत असला तरी वीस सेकंद धरा. मिनिटाला तीन, तासाला १८०, दोन तासांत ३६० प्लेट. इंस्टाग्रामवरच्या रीलमुळे आले १,५००. म्हणजे ११४० माणसं रविवारची झोप मोडून आली आणि रिकाम्या हाताने परत जाणार. आता रांग. माणसामागे अर्धा मीटर धरला तर एका वेळी उभ्या असलेल्या ६०० माणसांची रांग ३०० मीटर लांब. तुमच्या दुकानाचं तोंड १५ फूट. म्हणजे बाकीची रांग शेजारच्या मेडिकलसमोर, किराण्यासमोर, कोणाच्या तरी फाटकासमोर. शिवाय त्यातले निम्मे स्कूटीवर आलेले.

हे गणित करायला दहा मिनिटं लागतात. ते केलं की जाहिरात आपोआप बदलते: "पहिले ३०० टोकन, शनिवारी दुकानावरून घ्या, प्रत्येक टोकनावर वेळ लिहिलेली." ८ ते ८.३० चे ७५, पुढच्या अर्ध्या तासाचे ७५. रांग जेमतेम चाळीस मीटर. टोकन संपलं की फलकावर आणि इन्स्टाग्रामवर लगेच "टोकन संपले" लिहायचं. गर्दीचा फोटो चांगला येणार नाही, हे खरं. तो फोटो हवाच असेल तर मग पुढचं सगळं पण हवं.

गर्दीला फुकटचं आमंत्रण देण्याची किंमत काय होऊ शकते हे ४ जून २०२५ ला बंगळुरूत दिसलं. आयपीएल जिंकलेल्या संघाच्या स्वागतासाठी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जण गेले. त्या दिवशी सकाळीच समाजमाध्यमांवर मिरवणुकीची आणि मोफत प्रवेशाची घोषणा झालेली होती. आपलं दुकान एवढं मोठं नाही म्हणून निश्चिंत राहू नका. अरुंद बोळात पन्नास माणसंही एकमेकांना चेंगरू शकतात, आणि सराफ्याच्या आसपासच्या गल्ल्या तुम्हाला माहीतच आहेत.

दुसरा धोका छपाईचा. फिलिपाइन्समध्ये १९९२ साली पेप्सीने बाटलीच्या झाकणांवर आकडे छापून बक्षिसं लावली. सगळ्यात मोठं बक्षीस दहा लाख पेसो. २५ मे रोजी टीव्हीवर विजेता आकडा जाहीर झाला: ३४९. पण गोंधळ असा की ३४९ छापलेली झाकणं बाजारात सुमारे आठ लाख होती. आठ लाख घरांत त्या रात्री आपण श्रीमंत झालो असं वाटलं असणार. कंपनीने नंतर झाकणामागे ५०० पेसो देऊ केले. लाखो लोकांनी ते घेतले, बाकीचे रस्त्यावर उतरले; ट्रक जाळले गेले, हातबॉम्ब फेकले गेले, माणसं मेली. खटले २००६ पर्यंत चालले आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कोर्टात जिंकून काय मिळालं ते पेप्सीलाच ठाऊक.

तुमच्याकडे आठ लाख झाकणं नसतील, लकी ड्रॉची कुपनं असतील. तरी नियम तेच. कुपनांवर क्रमांक एकाच माणसाने टाकायचे, दुसऱ्याने तपासायचे. किती छापली याची नोंद छापखान्याच्या बिलावर हवी. सोडत लोकांसमोर काढायची आणि निकाल सगळ्यांना दिसेल असा लावायचा. निकाल दडवणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली अनुचित व्यापार प्रथा आहे. विक्री वाढवण्यासाठी लॉटरी लावणं हेच मुळात त्या कायद्याच्या कक्षेत येतं, म्हणून "खरेदी करा आणि स्कूटी जिंका" छापण्याआधी वकिलाला कागद दाखवा. मोठ्या बक्षिसावर ३० टक्के कराचा मामला असतो. स्कूटी जिंकलेल्या माणसाला कर भरायला लागेल हे शेवटच्या क्षणी सांगितलं की तो पेढे वाटत नाही, व्हिडिओ करतो.

ब्रिटनमधल्या हूवरचं १९९२ चं प्रकरण याच माळेतलं. शंभर पौंडांची खरेदी करा, दोन विमान तिकिटं फुकट. लोकांनी तिकिटांसाठी व्हॅक्यूम क्लीनर घेतले. किती जण खरंच तिकीट मागतील याचा अंदाज चुकला आणि कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला. ऑफर ठेवताना "सगळे थोडेच येणार आहेत" हे वाक्य कोणी उच्चारलं की त्याच्याच हातात कॅल्क्युलेटर द्या. सगळे आले तर काय, तेवढंच मोजायचं.

अटींबद्दल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या ९ जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना दुकानदारांपर्यंत फारशा पोहोचलेल्याच नाहीत. त्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत. माल मर्यादित असेल तर ते जाहिरातीत स्पष्ट लिहायला हवं, गिऱ्हाईक आणण्यापुरतं आमिष दाखवायचं नाही. आणि दावा ज्या भाषेत, अटही त्याच भाषेत. वर ठळक हिंदीत "सब कुछ ५०% ऑफ" आणि तळाशी मुंगीच्या अक्षरांत इंग्रजी अटी, हा आपल्याकडचा लाडका प्रकार त्यात बसत नाही. पहिल्या चुकीला दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत चेहरा देणाऱ्यालाही तो लागू शकतो. म्हणजे रील करणाऱ्या भाच्यालाही. त्याने पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर ती जाहिरात आहे असं त्याच्या रीलवर दिसायला हवं.

पायरी ४: इंदूर ओळखून चाला

इतर शहरांत चालतं आणि इथे अजिबात चालत नाही, अशी पहिली गोष्ट म्हणजे कचरा. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर वर्षानुवर्षं पहिलं आलंय. सकाळी निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, कचरागाडीचं गाणं वाजलं की ओला-सुका वेगळा घेऊन खाली उतरणारं हे गाव आहे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, संपल्यावर रस्ते कधी धुतले जातात याचं लोकांना कौतुक असतं. अशा शहरात हवेत चमकीचे कागद उडवणं, चौकात पत्रकं फेकणं, विजेच्या खांबांवर स्टिकर चिकटवणं म्हणजे स्वतःच्या दुकानाविरुद्ध स्वतःच प्रचार करणं. मालकाला वाटतं दंड भरू. दंड निगमाला जातो. सफाई कामगार बाई वाकून तुमची चमकी वेचतेय असा फोटो मात्र घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. परवानगीशिवाय भिंती रंगवण्याबद्दल मध्य प्रदेशात १९९४ चा संपत्ती विरूपण निवारण कायदाही आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे अहिल्यादेवी. अहिल्याबाई होळकरांचं चित्र, राजवाड्याचा दरवाजा, होळकरांच्या समाधी-छत्र्या हे सगळं या गावाचं आहे म्हणून आपल्याला वापरायची मुभा आहे असं वाटतं. "अहिल्याबाईंची पसंती" असली ओळ बिर्याणीच्या किंवा साड्यांच्या सेलवर लावून बघू नका. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, घराघरांत ते नाव ताजं आहे. राजवाड्याचं चित्र पत्ता सांगायला वापरा. देवीला विक्रेती करू नका. आणि चिडणारे फक्त मराठी असतील असं समजू नका. इथे ते नाव साऱ्या माळव्याचं आहे.

परवानग्यांचं काम कंटाळवाणं आहे, उरकून टाका. रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत काही करायचं तर निगमाच्या झोन कार्यालयात अर्ज, पोलिसांकडे अर्ज, वाहतूक पोलिसांना वेगळी कल्पना. डिसेंबर २०२१ पासून इंदूरमध्ये पोलीस आयुक्तालय आहे आणि जमावाबंदीसारखे आदेश तिथूनच निघतात; त्या आठवड्यात असा काही आदेश लागू आहे का, हे आधी विचारा. लाउडस्पीकरला परवानगी हवी आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. ड्रोन उडवायचा तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर तुमची जागा कोणत्या रंगात आहे ते पाहा, कारण विमानतळ शहराला अगदी खेटून आहे. हे सगळे कागद एका फाइलमध्ये, आणि त्या दिवशी ती फाइल दुकानात. मालकाच्या घरी कपाटात असलेली परवानगी ठाणेदाराला दाखवता येत नाही.

पायरी ५: तारीख दोनदा तपासा

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ), गेर, नवरात्र, परीक्षांचे दिवस, निवडणुकीची आचारसंहिता, एवढं तर कॅलेंडरवर दिसतं. न दिसणारी गोष्ट म्हणजे आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट. २०२२ च्या ९ नोव्हेंबरला जर्मनीत केएफसीच्या ॲपवरून गिऱ्हाइकांना संदेश गेला की आज क्रिस्टालनाख्टचा स्मृतिदिन आहे, चिकनवर चीज घ्या आणि मजा करा. १९३८ मध्ये त्या रात्री नाझींनी ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली होती. संगणकाने कॅलेंडरवरचा दिवस उचलला आणि मजकूर जोडला, असा कंपनीचा खुलासा होता. आपल्याकडे हेच "मोहरमच्या शुभेच्छा" किंवा "बलिदान दिनानिमित्त धमाका सेल" या रूपात दरवर्षी दिसतं.

आणि बातम्या. ३० मार्च २०२३ ला रामनवमीच्या दिवशी स्नेहनगरजवळच्या मंदिरात बावडीचं, म्हणजे जुन्या विहिरीचं, छत खचून ३६ माणसं गेली. अशा दुपारी पुढची प्रत्येक लावलेली पोस्ट हाताने थांबवणारं माणूस तुमच्याकडे आहे का? नसेल तर स्वयंचलित पोस्ट लावूच नका.

पायरी ६: "नाही" म्हणू शकणाऱ्याला विचारा

ऑफिसातल्या मुलांना विचारून उपयोग नाही. पगार देणाऱ्याची कल्पना कोणाला वाईट वाटत नाही. विचारायचं ते शेजारच्या दुकानदाराला, चौकातल्या हवालदाराला, घरातल्या मोठ्या माणसाला. "कशी वाटली?" असं विचारलं तर "छान" असंच उत्तर येतं. प्रश्न असा हवा: "काकू, यावरून कोणी भांडायला आलं तर कशावरून येईल?" एवढं विचारा आणि गप्प बसा. काकू सांगतील. त्यांनी सांगितलेलं वहीत, लाल खुणांच्या खाली.

पायरी ७: थांबवता येणार नाही ते सुरूच करू नका

२७ सप्टेंबर १९८६ ला अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये निधी गोळा करण्यासाठी जवळपास पंधरा लाख फुगे एकदम सोडले. वादळी हवा आणि पाऊस आला, फुगे वर राहण्याऐवजी खाली आले. रस्त्यांवर अपघात झाले, विमानतळाची धावपट्टी बंद ठेवावी लागली, आणि तळ्यात बेपत्ता झालेल्या दोन मच्छीमारांना शोधणाऱ्यांना पाण्यावर फुगेच फुगे दिसत होते. मच्छीमार वाचले नाहीत. आयोजकांचा हेतू समाजसेवेचा होता, पण सुटलेला फुगा परत बोलावता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये २००५ च्या जूनमध्ये स्नॅपलने २५ फूट उंच, साडेसतरा टनांची बर्फाची कांडी उभी करायचा घाट घातला. ती उभी राहायच्या आधीच वितळली आणि चौकात गुलाबी चिकट पाण्याचा पूर आला. सायकलस्वार घसरले, रस्ते धुवायला अग्निशमन दल आलं. मे महिन्यात राजवाड्यासमोर बर्फाचं काही करायचं मनात असलेल्यांनी हे परिच्छेदभर वाचून विषय सोडावा.

म्हणून प्रत्येक कल्पनेला बंद करायचं बटण ठेवा. कोणत्या खुणेवर थांबायचं (रांग मेडिकलच्या पुढे गेली, पोलिसांनी एकदा सांगितलं, एखादं माणूस पडलं), कोण थांबवणार, आणि त्याला मालकाला फोन न करता थांबवायचा अधिकार आहे का? शेवटचा मुद्दा लेखी ठेवा. मालक त्या वेळी पाहुण्यांबरोबर फोटो काढत असतो आणि फोन उचलत नाही.

पायरी ८: तरीही पेटलं तर

आधी कृती थांबवा, मग बोला. ऑफर चालू, रस्ता अडलेला आणि इन्स्टाग्रामवर माफीचं पोस्टर, असं करू नका. पोस्ट गुपचूप उडवून "असं काही झालंच नाही" म्हणू नका. स्क्रीनशॉट कोणाकडे तरी असतोच. प्रतिक्रियांना एकाच माणसाने उत्तरं द्यायची. भाच्याला फोन ठेवायला सांगा.

माफीचा नेहमीचा मजकूर असा असतो: "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत. आमचा हेतू तसा नव्हता." यात काय केलं ते नाही, कोणाचं नुकसान झालं ते नाही, आणि "असतील तर" या दोन शब्दांनी चिडलेल्यालाच खोटं पाडलंय. त्याऐवजी:

"रविवारी सकाळी आमच्या उद्घाटनाच्या ऑफरमुळे अन्नपूर्णा रोडवर दीड तास वाहतूक अडली. टोकन न देता आम्ही सगळ्यांना बोलावलं, ही आमची चूक. ऑफर ९ वाजता बंद केली. जे रांगेत उभे राहून परत गेले त्यांना या महिन्यात कधीही, गर्दी नसताना, त्याच किमतीत नाश्ता मिळेल. पुरावा मागणार नाही. शेजारच्या दुकानदारांची आम्ही स्वतः भेट घेतली आहे."

काय केलं, कोणाला त्रास झाला, काय थांबवलं, काय देतोय. हेतूची चर्चा नाही. जाहिरात हिंदीत होती तर माफीही हिंदीत, तितक्याच मोठ्या अक्षरांत. आणि शेजाऱ्यांची भेट घेतली असं लिहिण्याआधी ती खरंच घ्या.

राग प्रत्येक वेळी न्याय्य असतो असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कच्या डोहाळजेवणाच्या जाहिरातीत हिंदू सून आणि मुस्लिम सासर दाखवलं होतं. त्या जाहिरातीने ना कोणाचा रस्ता अडवला होता, ना कोणाला घाबरवलं होतं. वहीतले रकाने रिकामेच राहिले असते. तरी बहिष्काराची मोहीम निघाली आणि कंपनीने जाहिरात मागे घेतली. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचं कारणही निवेदनात होतं. कच्छमधल्या गांधीधामच्या दुकानाच्या दारावर माफीची चिठ्ठी लागली. माझ्या मते तिथे माफी मागण्यासारखं काही नव्हतं. पण मुंबईत बनलेल्या जाहिरातीचा राग झेलायला गांधीधामचा विक्रेता उभा होता, हे विसरता येत नाही. तुम्ही एखादी ठाम गोष्ट म्हणणार असाल तर जरूर म्हणा. मात्र आदल्या दिवशी काउंटरवरच्या मुलांना जाहिरात दाखवा, कोणी अंगावर आलं तर शटर ओढायची मोकळीक द्या आणि पोलिसांचा नंबर त्यांच्या हातात ठेवा.

पुढचे पंधरा दिवस नवीन काही सोडू नका, विनोदी पोस्ट तर नाहीच. टोकनं, बिलं, परवानग्या, हटवलेल्या पोस्टची प्रत आणि आलेल्या तक्रारी जपून ठेवा. ग्राहक प्राधिकरणाची किंवा जाहिरात मानक परिषदेची विचारणा आली तर हेच कागद लागतात. कबूल केलेला नाश्ता, परत द्यायचे पैसे, शेजारच्या मेडिकलवाल्याचा बुडालेला धंदा, सगळं त्याच महिन्यात चुकतं करा. आणि त्या रविवारी काउंटरवर उभं राहून तुमच्या वाटच्या शिव्या ज्या पोरांनी खाल्ल्या, त्यांचा ओव्हरटाइम पगाराच्या दिवसापर्यंत ठेवू नका.